विमानात चालेल असं दाढीचं सामान

सोमवार, ३ तारीख

मुलगा म्हणाला, "आई, दिवसभर माझ्या कानाशी बोलतेस त्यातलं निम्मं लिहीत जा, म्हणजे मला निम्मंच ऐकावं लागेल." थट्टेत म्हणाला. किती दिवसांनी थट्टा केली त्याने! म्हणून मी लगेच लिहायला बसले. माझी शाळा तिसरीत सुटली. अक्षर कसं का असेना, वाचणार तर मीच आहे.

आधी आनंदाची बातमी. शनिवारी नात त्याच्याजवळ येऊन बसली! आपणहून. मागच्या खेपेला आईच्या मागून बाहेर यायला तयार नव्हती म्हणे. या वेळी चित्र काढता काढता सरकत सरकत आली आणि त्याच्या गुडघ्याला टेकली. हे सांगताना तो बॅगेची चेन नुसती उघडत-मिटत होता. मी मात्र टाळ्या वाजवल्या.

सूनबाई नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, नातीला घेऊन. मुलगा एका शनिवाराआड तिकडे जातो. शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने जायचं, रात्री कुठल्यातरी लॉजवर पाठ टेकायची, सकाळी नातीला भेटायचं आणि संध्याकाळी परत. सोबत एकच छोटी बॅग, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावते ती. मी म्हटलं, बायकोचं घर असताना लॉज कशाला? तर म्हणाला, तिची जागा लहान आहे. आणि भेटतात तेसुद्धा घरी नाही. एका ऑफिसात खेळण्यांची खोली आहे, तिथे. कोपऱ्यात एक बाई बसून काहीबाही लिहीत असते. मोठ्या शहरात बापलेकींसाठी खोल्यासुद्धा करतात, काय एकेक सोयी! आता हे सगळं मला पटतं असं नाही. पण विचारलं की तो पाणी प्यायला उठतो, म्हणून विचारत नाही.

तर नात जवळ बसली, पण पापा घेऊ देईना. "बाबा, तू टोचतोस," म्हणाली. टोचणारच. बाथरूममध्ये पाय घसरून याचा हात कापला, तेव्हापासून याने दाढी करणंच सोडलंय. अधूनमधून सलूनमध्ये जाऊन बारीक करून येतो, बस. मी तिथल्या तिथे ठरवलं, पुढच्या खेपेला याचे गाल गुळगुळीत झालेच पाहिजेत. आम्हाला दाढीचं काय सांगायचं! ह्यांचं स्वतःचं सलून होतं, तीन खुर्च्यांचं.

बुधवार, ५

आज मायलेक दुकानात गेलो. दुकानदार बोलका निघाला. "बोला आजी, कुणासाठी हवंय दाढीचं सामान?"

मी म्हटलं, "माझ्यासाठीच. मिशा फुटायला लागल्यात."

तो इतका हसला की आतून त्याची बायको डोकावली. मग मी खरं सांगितलं, मुलगा विमानाने जातो, एका रात्रीसाठी, बॅग हातातलीच असते.

"मग हा नको," त्याने जुन्या पद्धतीचा रेझर बाजूला सारला. "याचं ब्लेड सुटं निघतं. तपासणीला काढून घेतात. हा तीन पात्यांचा बघा, पाती प्लॅस्टिकात बसवलीत, हा जाऊ देतात. हा वापरून टाकून द्यायचा, एका खेपेचा धनी. आणि हे चार्जिंगचं मशीन, याला कुणी हात लावत नाही. फोमचा मोठा डबा तेवढा नेऊ नका, छोटी ट्यूब न्या."

मी तीन पात्यांचा हातात घेऊन वजन बघत होते. मुलगा काचेच्या कपाटासमोर उभा होता. तिथे ब्लेडची पाकिटं ओळीने लटकवली होती. तो बघत राहिला, बघत राहिला, आणि एकदम बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला. गरम होतंय म्हणाला. पंखा तर डोक्यावर फिरत होता.

मी बाहेर जाऊन त्याला दाखवला. "हा बघ, छान आहे."

"आई, पातं नको. मशीन घे."

"अरे, मशीनने कुठे गाल साफ होतो? केस चावल्यासारखे राहतात."

"आई," तो म्हणाला, "घरात पातं नको."

झालं. सूनबाईचाच मंत्र. तो हात कापल्यावर तिने घरातलं ब्लेड न् ब्लेड फेकलं, कात्री फेकली, माझी विळी कुणालातरी देऊन टाकली. मला भाजीला असा बोथट चाकू ठेवलाय की टोमॅटोसुद्धा घाबरत नाही. अगं, मुलगा घसरला तोटीवर, त्यात विळीचा काय दोष? मी तेव्हा माझ्या बहिणीकडे होते, घरी आले दुसऱ्या दिवशी. फरशी धुतलेली होती, तरी सांध्यांत लाली दिसत होती. बाथरूमचं दार फुगलं म्हणून सुताराकडे दिलंय म्हणाले. तोटीने एवढं लागतं? मलाही शंका आली होती. पण तो म्हणतो म्हणजे लागत असेल. तेव्हापासून तोटीला मी जाड कापड बांधून टाकलंय.

शेवटी मशीन घेतलं. काळं आहे, मुठीत मावतं. दिसायला देखणं आहे, नाही म्हणत नाही.

रविवार, ९

मशीनची परीक्षा झाली. त्याने दाढी केली, मी हाताची उलटी बाजू गालावर फिरवली. ह्यांची पद्धत. गिऱ्हाईक खुर्चीतून उठायच्या आधी हे असाच हात फिरवायचे, आणि जराही खरखर लागली तर पुन्हा फेस. मशीनचा गाल मांजराच्या जिभेसारखा लागला.

"नापास," मी म्हटलं.

तो हसला. "मास्तरीणबाई, पास होण्यापुरते तरी मार्क द्या."

काय गोड दिसला हसताना! आणि गाल किती बसलेत, ते दाढीखाली कळतच नव्हतं. दर मंगळवारी तो एका डॉक्टरकडे जातो. तपासत नाही, सुई टोचत नाही, नुसता बोलायला जातो. बोलायचंच तर मी घरात रिकामी बसलेय की. तसं मी त्याला म्हटलंही. म्हणाला, "तुझ्याशी नाही बोलता येत आई, तू लगेच खूश होतेस." आता हा काय माझा दोष झाला?

शुक्रवार, १४

आज मी एक गंमत केली आहे. त्याला सांगितलेली नाही.

माझ्या पेटीत ह्यांचा वस्तरा आहे. हस्तिदंती रंगाची मूठ, मऊ कापडात गुंडाळलेला. सूनबाईने घर साफ केलं तेव्हा माझ्या पेटीला हात लावला नाही, तेवढी रीत आहे तिच्यात. सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याला मस्त धार दिली. हात विसरला नाही अजून! ह्यांच्या सलूनमध्ये दुपारची धार मीच लावायचे. मग मोज्याच्या जोडीत घालून मोजे बॅगेच्या तळाशी ठेवले, सोबत तुरटीचा खडा. लॉजवर बॅग उघडेल, मोजे काढेल आणि बापाची आठवण हातात येईल. लहानपणी तो ह्यांच्या खुर्चीजवळ उभा राहून सगळं बघायचा, त्याला वापरता येतो. दुकानदाराने सुट्या ब्लेडचं सांगितलं होतं. वस्तऱ्याला कुठे सुटं ब्लेड असतं, तो तर एकसंध. उद्या नात गालाला गाल लावेल तेव्हा मला कळणारसुद्धा नाही, पण मी इथे दिवसभर खूश असेन.

निघताना म्हणाला, "आई, आज काय एवढी हसतेयस?" मी म्हटलं, काही नाही, पोहोचलास की फोन कर.

शनिवार, १५

तो गेलाच नाही. काल रात्रीच परत आला. विमान चुकलं म्हणाला.

मी म्हटलं, वेळेत तर निघालास. म्हणाला, वाटेत गर्दी होती. बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसला. मी चहा ठेवला, तो तसाच गार झाला. बॅग मी उघडली. मोजे होते, सुटे सुटे. वस्तरा नव्हता, तुरटीही नव्हती.

"मोज्यात काही सापडलं का रे तुला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. एखाद्या दूरच्या माणसाला ओळखू पाहतोय असा. "नाही," म्हणाला, "काही नाही सापडलं."

आज दिवसभर झोपून आहे. सकाळी त्या खेळण्यांच्या खोलीत नात वाट बघत बसली असेल. मला जेवण गेलं नाही.

बुधवार, १९

लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते.

दुपारी सूनबाईचा फोन आला. मला! एरवी सणावारी नाही की आजारपणात नाही. मी इतकी हरखले की आधी नातीचंच विचारत सुटले, जेवते का, उंच झाली का, पुढचा दात आला का.

ती म्हणाली, "आई, एक मिनिट थांबा. मला एकच सांगा. त्याच्या बॅगेत वस्तरा कशासाठी होता?"

"तुला कसं कळलं गं?"

"त्यानेच सांगितलं. विमानतळावर सापडला. त्याला खोलीत बसवून ठेवलं, प्रश्न विचारले, विमान गेलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, माझाच आहे, मीच ठेवला. आई, मुलीला भेटायला येताना हा माणूस मोज्यात लपवून वस्तरा आणतो. मी काय समजायचं? मी भेटी थांबवायला सांगितल्यात."

"अगं वेडे, तो मी ठेवला!" मी म्हटलं. "त्याला माहीतसुद्धा नव्हतं. ह्यांचा वस्तरा. मशीनने गाल साफ होत नाही, पोरगी टोचतो म्हणते, म्हणून सकाळी धार लावून..."

पलीकडून काही आवाजच येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग कळलं, ती रडतेय. चांगली हुंदके देऊन. मी म्हटलं, एका वस्तऱ्यासाठी काय रडतेस, गेला तर गेला. त्यावर आणखीच रडायला लागली.

"खरं सांगताय ना आई? त्याला वाचवायला नाही ना सांगत?"

"माझ्या नातीची शपथ. पण वाचवायला म्हणजे?"

"त्याला एकटं सोडू नका," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "माझं नाव का नाही सांगितलंस? कुणी मला फासावर देणार होतं का?"

"वस्तरा का ठेवू नये ते तुला सांगावं लागलं असतं," तो म्हणाला.

"मग सांग की."

तो पाणी प्यायला उठला.

रविवार, २३

त्या कोपऱ्यातल्या बाईचा फोन आला होता. ती लिहिणारी. आवाज शाळेतल्या बाईंसारखा, पण मायेचा. सगळं पुन्हा विचारलं, मी सगळं पुन्हा सांगितलं, धार कशी लावतात तेसुद्धा. ती मध्येच म्हणाली, "आजी, एवढं पुरे." मग म्हणाली, २९ तारखेची भेट होईल, पण त्याच्यासोबत घरातलं मोठं माणूस हवं.

म्हणजे मी! मी विमानात बसणार! शेजारणीला सांगून आले, दूधवाल्याला सांगितलं, लिफ्टमध्ये एक अनोळखी बाई भेटली तिलाही सांगितलं. मोठं माणूस कशाला हवं ते मात्र शेजारणीने विचारलं, तेव्हा मी साडी कुठली नेसू तेच विचारत सुटले.

मशीन आता माझ्या पर्समध्ये राहणार. मी चार्जिंग करून ठेवलंय. वस्तरा विमानतळवाल्यांनी ठेवून घेतला, परत मिळत नाही. ह्यांच्या हातातली एवढी एकच वस्तू उरली होती. त्याचं दुःख मी तोंडावर येऊ देत नाही.

रविवार, ३०

काल रात्री परतलो. मनात सगळं एकावर एक पडलंय. क्रमाने लिहिते.

तपासणीला माझी पर्स उघडली. सेफ्टी पिना निघाल्या, सुपारी निघाली, मशीन निघालं. तपासणाऱ्या पोरीने मशीन हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हटलं, "मुलाचं आहे गं." ती हसली आणि परत ठेवलं. विमान वर चढलं तेव्हा मी मुलाचा हात घट्ट धरला. तो म्हणाला, "भीती वाटते?" मी म्हटलं, "छे, मजा वाटते." दोन्ही खरं होतं.

लॉजवर सकाळी त्याने दाढी केली. मी हात फिरवला. बरी झाली होती. पास केलं.

खोली खरंच खेळण्यांची आहे. भिंतीवर जिराफ. कोपऱ्यात ती बाई, मांडीवर कागद. सूनबाई नातीला दारात सोडून बाहेरच बसली. वाळलीय फार. मला वाकून नमस्कार केला आणि माझा हात सोडायला तयार होईना.

नात आधी माझ्याकडेच आली. "आजी, तू विमानात उलटी केलीस?"

"केली नाही. तू केली होतीस का?"

"दोनदा," ती अभिमानाने म्हणाली.

मग बापाकडे गेली. लांबूनच बोट पुढे केलं आणि गालावर टेकवलं. मग तळवा. मग म्हणाली, "टोचत नाही!" आणि गालाला गाल लावून उभी राहिली. डोळे मिटून. त्याचे हात हवेतच राहिले, धरू की नको, धरू की नको. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण त्या बाईला बघून हात मांडीखाली घेतले.

थोड्या वेळाने तिने त्याच्या बाहीचं बटण काढलं. सवयीचं असल्यासारखं. मनगट उलटं करून बघितलं. "अजून दुखतं?"

"नाही गं, राणी."

मी म्हटलं, "आता नाही कुणाला लागणार. मी तोटीला कापड बांधलंय चांगलं जाड."

नात माझ्याकडे वळली. "कुठल्या तोटीला?"

"बाथरूममधल्या. बाबा घसरला ना तिच्यावर."

"आजी, बाबा घसरला नव्हता," ती म्हणाली. मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तसं. "त्याने आतून कडी लावली होती. मी दार वाजवत होते. मी खूप हाका मारल्या, तो उघडतच नव्हता. मग आईने शेजारच्या काकांना बोलावलं आणि त्यांनी दार तोडलं."

बाईचं पेन थांबलं. मुलगा माझ्याकडे बघत होता. "आई," म्हणाला.

मी म्हटलं, "किती छान चित्र काढलंयस गं तू. हे घर कुणाचं?"

माझ्याच तोंडून हे निघालं.

परतीच्या विमानात मला खिडकी मिळाली होती. खाली दिवे होते. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "आई, बोल ना काहीतरी." जन्मात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही. मोज्यात लपवलेलं, धार लावलेलं ते पातं माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मी धार बघायला अंगठा लावला होता, केस उभा चिरला जात होता त्याने. आणि मी दिवसभर खूश होते.

मंगळवार, २ तारीख

आज त्याचा डॉक्टरकडे बोलायला जायचा दिवस. मी बरोबर जाणार आहे, बाहेर बाकावर बसेन. त्याला विचारलं नाही, सांगितलं.

सकाळी तो बाथरूमकडे गेला तशी मी शेंगा सोलायला घेऊन दाराशी जमिनीवर बसले. तिथे मी कधी बसत नाही. त्याला कळायचं ते कळलं. कडीचा आवाज येईल म्हणून मी कान लावून होते. आला नाही. दार त्याने तसंच सताड ठेवलं.

"आई, फरशी गार आहे. स्टूल घे आणि आत ये."

आत गेले. तो आरशासमोर मशीन फिरवत होता. मी शेंगा सोलत होते, एकही दाणा बघून सोलत नव्हते.

"त्या दिवशी," मी म्हटलं, "मी घरी असते तर..."

"नाही आई. तेव्हा कुणीही असतं तरी मी कडी लावलीच असती."

"आणि आता?"

तो थांबला. आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "आता रोजचं रोज बघतोय. आज नाही लावली."

मला आणखी ऐकायचं होतं. पण हेच खरं असणार, कारण ऐकून मी खूश झाले नाही.

"कानाखाली राहिलंय," मी म्हटलं.

"कुठे?"

"डावीकडे. तिथे नाही रे, खाली."

त्याला सापडेना. त्याने मशीन माझ्या हातात दिलं आणि स्टुलाजवळ गुडघ्यावर बसला. इतकी वर्षं सलूनमध्ये काढली, धार लावली, फेस घोटला, पण कुणाची दाढी मी स्वतःच्या हाताने कधी केली नव्हती. मी त्याची हनुवटी धरली आणि मान वळवली. तिथे कानाखाली, गळ्याशी, शीर उडत होती. बारीक, एकसारखी. मी तिच्याकडे बघत सावकाश मशीन फिरवलं. केस संपले तरी फिरवत राहिले.

"झालं का गं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "थांब जरा."

तो थांबला.